माझ्या मापाचा टोचा

ह्यांचा उजवा हात बर्फाच्या लादीखाली गेला तेव्हा मी डेपोच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही, आता लिहितानाही घेणार नाही. कारखान्यातून भरून आणलेली हातगाडी उतारावरून खाली येत होती. चाक गटाराच्या फरशीत अडकलं आणि वरची लादी भुशावरून सटकली. ती वाचवायला ह्यांनी हात घातला. लादी माणसापेक्षा जड. ती सरळ दगडी भिंतीवर गेली आणि मध्ये ह्यांचा हात सापडला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. ह्यांनी हाक मारली ती स्वतःच्या आईला. बर्फ लाल झाला, वितळून गटारात जायला लागला, तरी गल्लीतली माणसं नुसती उभी. शेवटी मीच पदर फाडला आणि गुंडाळला. दवाखान्यात बोटं काढावी लागली. अंगठा तेवढा राहिला.

आता पुढचं सांगते, कुणाला आवडो न आवडो. हाच हात माझ्यावर उठायचा. खराडीहून लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले त्या वर्षापासून उठायचा. आमटी आळणी झाली, गिऱ्हाइकासमोर मी मध्येच बोलले, कधी नुसतंच उन्हाने डोकं तापलं, कारण काहीही चालायचं. माझ्या तोंडून 'हाय' नाहीतर 'न्हाय' निघालं की माझ्या धाकट्या दिराला हसू यायचं आणि ह्यांना राग. मार खातानासुद्धा मी 'अहो'च म्हणायचे. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की हात आता कामाचा राहणार नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आणि लगेच घर आठवलं. त्याच हातावर आमचं चुलीवरचं पातेलं चढत होतं.

डेपो म्हणजे मंडईमागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड. पहाटे लाद्या यायच्या, लाकडाच्या भुशात निजायच्या, वर गोणपाट. तेव्हा फ्रीज डॉक्टर-वकिलांच्या घरी. बाकी सगळ्या पेठांचा उन्हाळा आमच्यासारख्यांच्या जिवावर निघायचा. उसाच्या रसवाले, लस्सीवाले, मासळीवाल्या, मंगल कार्यालयातले आचारी, सगळे दारात. हे एक लांब पहार घ्यायचे, लोखंडाची, जाड, आणि दोन घावांत लादीचे तुकडे करायचे. ती पहार मारणारा माणूसच डेपोचा धनी, बाकी सगळे हमाल, अशी आमच्याकडे समजूत होती.

शेड माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर शब्द सासूबाईंचा. हे दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी दीर जेवता जेवता म्हणाला की डेपो आता मी बघतो. तोवर त्याने कुठलीच गोष्ट बघितली नव्हती, सिनेमे सोडून. मी विचारलं की मग आम्ही कुठे जायचं. तो हात धुऊन आला, गमछ्याला पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, दादाला घेऊन खराडीला जा. दोघांत मिळून तीन हात आहेत. शेण काढायला पुरेत."

सासूबाई भाकरी मोडत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांनी ऐकलं आणि कूस बदलली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज त्या खराडीत काचेच्या इमारती आहेत आणि माझी नात तिथे गारेगार ऑफिसात बसते, पण तेव्हा तिथे माझ्या भावांची ज्वारी होती, भावजया होत्या, आणि नवऱ्यासकट माहेरी आलेल्या बाईला तिथे काय मान मिळतो ते मी एका आतेबहिणीच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलं होतं. गोठ्याशेजारची खोली आणि सगळ्यांच्या नंतरचं जेवण. मी म्हणाले, लादी मी फोडीन.

दिराला ठसका लागला. सासूबाईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्या फार हिशेबी बाई. म्हणाल्या, उन्हाळाभर बघू. हिने लादी फोडली आणि गिऱ्हाईक टिकलं तर डेपो ह्यांच्याकडे राहील. हिच्या नावाने एक जरी बोंब आली, तर किल्ली धाकट्याला. आणि तोवर धाकट्याने गाडी ओढायची. एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं.

पहिल्या दिवशी मी ह्यांची पहार उचलली. उचलली म्हणजे काय, मिठीत घेतली. डोक्यावर नेईपर्यंत हातांना कापरं भरलं, आणि खाली आणली ती कुठे येतेय ते मला आणि पहारीला, दोघींनाही ठाऊक नव्हतं. लादीचा कोपरा उडाला, काचेसारखे तुकडे तोंडावर आले, गालावर रक्त. दुसरा घाव सटकला आणि पहार माझ्या पायावर. अंगठ्याचं नख तिथेच निघून आलं. मी ओरडले नाही, कारण दीर बघत होता. तिसरा, चौथा, पाचवा, मी मारतच गेले, लादीवर कमी आणि त्याच्या तोंडावर जास्त, मनातल्या मनात. शेवटी माझ्यापुढे लादी नव्हतीच. होता तो चुरा. रसवाल्याने घमेलं पुढे केलं, आत बघितलं, आणि मागे घेतलं. चुरा घेऊन कोण काय करणार, घरी जाईपर्यंत पाणी.

दीर म्हणाला, "वहिनी, बर्फ फोडताय की रांगोळी काढताय?" सगळी रांग हसली. हे खोक्यावर बसले होते, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. ते हसले नाहीत. पण माझ्याकडे असं बघितलं की हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी घरातलं आणि शेजारचं प्रत्येक हत्यार बर्फावर मारून बघितलं. नारळाचा कोयता लादीवरून उसळला आणि माझ्या कानाजवळून गेला. शेजारच्या सुताराची पटाशी मागून आणली, तर ती आत रुतली आणि निघेना. ओढून काढताना दांडा हनुवटीला लागला आणि जीभ चावली गेली. रात्री भाकरी गिळवेना. हातांची सालटं निघाली होती. पण मारता मारता एक कळलं. बर्फाला नुसती ताकद नको. आधी बारीक टोचे मारत एक रेघ पाडायची, मग त्या रेघेवर मधोमध एकच घाव. तसं केलं की लादी आपोआप चिरते. त्यासाठी हत्यार आखूड पाहिजे, डोक्याला जड, टोकाला बारीक, आणि दांडा लाकडाचा, म्हणजे तळवा गारठणार नाही. असं हत्यार बाजारात कुणाकडे नव्हतं. दुकानदार म्हणायचे, बाई, टिकाव घ्या. टिकाव माझ्या छातीपर्यंत यायचा.

नदीकडच्या रस्त्याला घिसाड्यांची पालं पडली होती. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार. रस्त्याच्या कडेला खड्डा, त्यात कोळसा, शेजारी भाता आणि ऐरण, झाला कारखाना. त्यांच्यात लोखंड सांडशीत धरून बसतो पुरुष आणि उभं राहून घण मारते बाई. मी हे लहानपणापासून बघितलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. बाई माझ्याहून सडपातळ. लुगड्याचा काष्टा घट्ट, कपाळावर घाम, घण मागून फिरून यायचा आणि बरोब्बर नवऱ्याच्या हातापासून वीतभर पुढे पडायचा. तो नवरा खुशाल विडी ओढत होता.

मी काय पाहिजे ते सांगितलं. घिसाड्याने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा काढला आणि लांब दांड्याचं काहीतरी मातीत रेखाटलं. बायकोने ते पायाने पुसलं. माझा हात ओढून घेतला, कोपरापासून मुठीपर्यंत आपल्या वितीने मापला, आणि दांडा एवढाच, असं त्याला बजावलं. तो चिडला. त्याने तिला एक सणसणीत शिवी दिली. तिने त्याच्याहून लांब शिवी दिली आणि घण त्याच्या पायाशी आपटला, असा की माती उडून त्याच्या विडीवर पडली. मग दोघं काही न झाल्यासारखी कामाला लागली. मी तोंडात पदर धरून उभी. आमच्या घरात अशी शिवी मी दिली असती तर माझे दात मोजायला लागले असते.

त्या दोघांनी ठोकत ठोकत त्या पाट्याला आकार आणला. एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला चपटी पाठ, मध्ये दांड्याला भोक. टिकावाचं पिल्लूच. मी त्याला टोचा म्हणायला लागले. घिसाड्याने चोच लाल केली आणि मला विचारलं, "पाणी किती देऊ?"

आता इथे माझी जी फजिती झाली ती दुसऱ्या कुणाची झाली नसती. मी बर्फवाल्याची बायको. आमचा सगळा जन्म पाण्याचा. गिऱ्हाईक रोज टोमणा मारणार, पाणी विकताय हो, पाणी. मला वाटलं हाही चेष्टाच करतोय. मी फणकाऱ्याने म्हणाले, दे भरपूर, आमच्याकडे पाण्याला काय तोटा. त्याने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि खांदे उडवले. चोच पाण्यात घातली, परत लाल केली, परत घातली. चर्र चर्र आवाज येत राहिला आणि मी ऐटीत उभी राहिले.

त्या टोच्याने मी दुसऱ्या दिवशी पहिली लादी सरळ फोडली. टक टक टक टक, रेघ पाडली, मधोमध घाव घातला, आणि लादी दुभंगली, दोन्ही कडा चाकूने कापल्यासारख्या. मला रडू आलं. रसवाल्याने घमेलं पुढे केलं आणि भरून नेलं, तेच पुष्कळ. मग मी सुटले. रोज लाद्या फोडायचे आणि प्रत्येक घावाला मनात एकेकाला धरायचे. हा आळणी आमटीचा. हा शेणाचा. हा भर रस्त्यात झिंज्या धरून ओढलं होतं त्याचा. संध्याकाळी अंग ठणकायचं आणि डोकं हलकं झालेलं असायचं. सासूबाई दुपारी येऊन गल्ल्याशेजारी बसायच्या, बघायच्या, जायच्या. दिराचे टोमणे आटले होते. तो गाडी ओढायचा आणि वाट बघायचा, कधी बोंब येते त्याची.

लग्नसराईत एका सकाळी सदाशिव पेठेतल्या मंगल कार्यालयातून अर्धी लादी मागितली. मठ्ठ्यात घालायला. मी लादीचे दोन भाग केले, दीर एक भाग गाडीवर टाकून गेला. पुढचा घाव घालायला टोचा उचलला तर चोच बोथट दिसली. हात लावून बघितला. टोक नव्हतं. हरभऱ्याएवढं लोखंड तुटून गेलं होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. उरलेला भाग मी तिथेच टोच्याच्या पाठीने ठेचला, पार पीठ केलं. भुसा उपसला, फरशी हाताने चाचपली, नखात भुसा गेला. टोक नाही. म्हणजे ते दुसऱ्या भागात होतं. तो भाग मठ्ठ्यात पडणार, बर्फ वितळणार, आणि ते टोक कुणाच्या तरी भांड्यात, कुणाच्या तरी घशात. लग्नात पोरं पाण्यासारखा मठ्ठा पितात.

मी ह्यांना सांगितलं. ते खोक्यावरून उठले नाहीत. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले की गप्प बस. कुठे काय होतंय. तू तिथे जाऊन बोललीस तर हीच ती बोंब, आई उद्या किल्ली काढून घेईल. ते म्हणत होते ते बरोबर होतं. मी गप्प बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं आणि डेपो राहिला असता. मी उभी राहिले, एक श्वास, दोन श्वास. मग टोचा हातात तसाच, अनवाणी धावत सुटले. मागून ह्यांनी मला जी शिवी दिली ती अख्ख्या गल्लीने ऐकली.

कार्यालयात लग्न लागून गेलं होतं, पंगतीची पानं मांडत होते. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात घुसले. आचाऱ्यांनी बर्फ वरवंट्याने फोडून निम्मा मठ्ठ्याच्या पिंपात टाकला होता, निम्मा परातीत. मी परात उपडी केली आणि शहाबादी फरशीवर बसून प्रत्येक खडा फोडायला लागले. आचारी ओरडला. मी सांगत होते, लोखंड हाय त्यात, लोखंड, पण धापेमुळे शब्द नीट निघेनात, आणि हातात टोचा घेतलेली, विस्कटलेल्या केसांची बाई बघून त्यांना वाटलं वेडी आलीय. एकाने माझ्या पाठीत झारा मारला. तापलेला होता. मी वळून त्याच्या पायाच्या नडगीवर दांडा हाणला आणि तो जिलब्यांच्या ताटावर बसला.

परातीत टोक नव्हतं. मी पिंपाकडे गेले. तेवढ्यात बाहेर गाडीपाशी थांबलेला दीर आत आला. त्याने माझा अंबाडा धरला आणि मागे खेचलं, कानाखाली मारली, परत मारली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी त्याच्या मनगटाला चावले, दात टेकेपर्यंत. त्याची पकड सुटली, आणि मी दोन्ही हातांनी पिंप धरून कलंडवलं. अख्ख्या लग्नाचा मठ्ठा स्वयंपाकघरभर झाला. कोथिंबीर, आलं, बर्फ, सगळं मोरीकडे वाहत गेलं. बायका किंचाळत पाटांवर चढल्या. मी मोरीच्या जाळीशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी चाळत होते आणि आचारी माझ्या पाठीवर काय मारत होते ते आता आठवत नाही. जाळीवर टोक सापडलं. मी ते तळहातावर घेतलं आणि हात वर केला.

नवरीचे वडील दारात उभे होते, सोवळ्यात, उपरणं खांद्यावर. त्यांनी त्या टोकाकडे बघितलं, मठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आपल्याला आमंत्रण नव्हतं, तरी आलात हे बरं केलंत." मग आचाऱ्यांकडे वळून सांगितलं की ताक संपलं असं सांगा आणि पानं वाढा. मला कुणी बस म्हणालं नाही. मीही थांबले नाही.

घरी माझ्या आधी दीर पोचला होता. मनगट पुढे करून सगळं सांगून झालं होतं. सासूबाईंनी मला दारातच थांबवलं. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, लोखंड पोटात गेलं असतं तर खून झाला असता, आणि तो आपल्या डेपोच्या नावावर लागला असता. बोंब आली म्हणजे आली. उद्या सकाळी किल्ली धाकट्याला द्यायची. मी म्हणाले, मी नसते गेले तर बोंब आलीच नसती. त्या म्हणाल्या, ते खरं आहे, पण गेलीस. हे कोपऱ्यात बसून होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी पाठीवरच्या भाजल्यावर खोबरेल लावलं आणि तशीच पालांकडे गेले. टोचा घिसाड्याच्या पुढ्यात फेकला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. मग त्याची बायको पोट धरून हसायला लागली. तिनेच समजावलं की पाणी म्हणजे लोखंडाला पाणी पाजणं, लाल टोक पाण्यात बुडवून कडक करणं. जेवढं पाणी जास्त तेवढं कडक, आणि फार झालं की काचेसारखं ठिसूळ. तुम्ही भरपूर म्हणालात, त्याने भरपूर दिलं. मला माझाच इतका संताप आला की हसू फुटलं. दोघी रस्त्याच्या कडेला हसलो. नवीन चोच काढली तेव्हा त्याने परत विचारलं आणि मी हात जोडले, तुझं तू ठरव.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाद्या आल्या. सासूबाई गल्ल्याशेजारी, हे खोक्यावर. दीर ह्यांची पहार घेऊन आला होता. मी शेडच्या दारात टोचा धरून उभी राहिले. तो म्हणाला, बाजूला व्हा. मी म्हणाले, न्हाय. तो म्हणाला, मग ते खेळणं आधी इकडे द्या. आमच्याकडे धारेचं हत्यार कुणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण लागतं म्हणतात. जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. मी ठेवलंही नाही आणि दिलंही नाही. त्याने चोचीकडून पकडून हिसडा मारला. मी दांडा सोडला नाही. चोच त्याच्या तळव्यातून आरपार फिरली. रक्त माझ्या पायांवर उडालं, लादीवर उडालं. सासूबाई किंचाळल्या. त्याने दुसऱ्या हाताने पहार उगारली आणि मी टोचा डोक्यावर नेला. त्या क्षणी आम्हा दोघांतलं एक मेलं असतं, ह्यात मला आजही शंका नाही.

सासूबाई ह्यांच्यावर ओरडल्या, "अरे, तुझी बायको आहे ना? बोल तिला काहीतरी."

हे उठले. सगळ्यांकडे पाठ करून बसणारा माणूस पहिल्यांदा उठला. ते माझ्याकडे आले ते खांदा पुढे काढून, मान खाली घालून, दमादमाने. ती चाल मला पाठ होती. ह्या चालीने ते आले की मी आधी डोकं झाकायचे. त्या दिवशी झाकलं नाही. टोचा वरच होता. मनात म्हटलं, डावा हात उठू दे, मग बघते. दिराने पहार खाली केली, त्यालाही वाटलं आता दादा बघून घेईल.

हे माझ्या बाजूने पुढे गेले. लादीवरचं गोणपाट काढलं. रक्ताचे शिंतोडे त्याच गोणपाटाने पुसले. ओल्या फरशीवर लादी सरकते, कुणीतरी धरावी लागते. ह्यांच्या वेळी मी धरायचे. मी फोडायला लागल्यावर कुणी धरली नव्हती, मी भिंतीला टेकवून एकटीच मारायचे. हे गुडघ्यावर बसले आणि आपला डावा हात लादीच्या मधोमध सपाट ठेवला.

मी म्हणाले, "अहो, हात काढा."

ते म्हणाले, "मार."

दीर तळवा दाबून उभा होता. मी त्या हाताकडे बघितलं. पाची बोटं बर्फावर पसरलेली, नखं निळी पडायला लागलेली. त्यांच्याकडे राहिलेला तेवढाच हात. खोटं कशाला बोलू, घाव कुठे घालावा ते ठरवायला मला वेळ लागला. त्यांनाही ते कळत होतं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं, आणि हात काढला नाही.

मी त्यांच्या करंगळीच्या शेजारी रेघ धरली आणि पहिला घाव घातला.